प्रादेशिक सेना : अर्धवेळ सैनिकांचे लष्करी शिक्षण व प्रशिक्षण

नोकरी, व्यवसाय किंवा शेती सांभाळून वर्षातील काही काळ लष्करी गणवेशात देशसेवा करण्याची संधी भारतीय नागरिकांना प्रादेशिक सेनेद्वारे उपलब्ध आहे. ही सेना भारतीय भूदलाचाच एक भाग असून नियमित सैन्यानंतरची संरक्षणाची दुसरी फळी म्हणून ती ओळखली जाते. 'सावधानी व शूरता' हे तिचे ब्रीदवाक्य आहे. प्रादेशिक सेनेतील सेवा हे पूर्णवेळ रोजगाराचे साधन नव्हे, ही तिची मूळ अट आहे. उपजीविकेचे स्वतंत्र साधन असलेल्या व्यक्तीनेच या सेनेत यावे, अशी अपेक्षा असते.

या सेनेत दाखल होऊ इच्छिणाऱ्यांच्या मनात प्रशिक्षणाविषयी अनेक प्रश्न असतात. किती दिवस द्यावे लागतात, ते कोठे होते, नोकरीचे काय होते आणि एवढ्या अल्प प्रशिक्षणावर प्रत्यक्ष आघाडीवर जावे लागते काय, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. त्यामुळे या सेनेतील प्रशिक्षणाचा विचार केवळ हौस किंवा साहस म्हणून करता येत नाही.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, भारतात 'इंडियन डिफेन्स फोर्स' स्थापन करण्यात आला. पुढे १९२० मध्ये त्याची विभागणी होऊन युरोपीय व अँग्लो-इंडियन रहिवाशांसाठी 'ऑक्झिलिअरी फोर्स', तर भारतीयांसाठी 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' अशी दोन स्वतंत्र दले निर्माण झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये प्रादेशिक सेना अधिनियम संमत करण्यात आला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले. दरवर्षी ९ ऑक्टोबर हा दिवस प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळण्यात येतो.

१९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांनी भाग घेतला. श्रीलंकेतील 'ऑपरेशन पवन', तसेच पंजाब, जम्मू-काश्मीर व ईशान्य भारतातील दहशतवादविरोधी मोहिमांतही या तुकड्या तैनात होत्या.

कायद्याने सोपविलेली जबाबदारी

नियमित सैन्याला स्थिर स्वरूपाच्या कामांतून, म्हणजे महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्यासारख्या कामांतून मोकळे करणे, नैसर्गिक आपत्तीत मुलकी प्रशासनाला साहाय्य करणे, अत्यावश्यक सेवा सुरू ठेवणे आणि गरज भासल्यास नियमित सैन्याला तुकड्या पुरविणे ही प्रादेशिक सेनेची कार्ये आहेत. अधिनियम व त्याखालील १९४८ च्या नियमांनुसार या सेनेतील व्यक्तीला प्रशिक्षणासाठी, मुलकी प्रशासनाच्या साहाय्यासाठी, पहाऱ्यासाठी किंवा नियमित सैन्याच्या मदतीसाठी प्रत्यक्ष सेवेत पाचारण करता येते. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण अथवा विशेष आदेशाखेरीज मात्र तिला देशाबाहेर सेवा बजावण्यास सांगता येत नाही.

प्रत्यक्ष सेवेत असेपर्यंत ही व्यक्ती लष्करी कायद्याच्या कक्षेत असते. तो काळ संपताच ती पुन्हा आपल्या नागरी जीवनात परतते.

घटकांचे प्रकार

प्रादेशिक सेनेतील घटक विभागीय व बिगर-विभागीय अशा दोन प्रकारांत मोडतात. कोणत्या प्रकारात प्रवेश मिळतो, यावर प्रशिक्षणाचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते.

विभागीय घटक हे सार्वजनिक क्षेत्रातील संस्थांशी निगडित असतात. रेल्वे, इंडियन ऑइल आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ यांच्या कर्मचाऱ्यांमधून असे घटक उभारण्यात आले. युद्ध, संप किंवा आपत्तीच्या काळात इंधनपुरवठा व वाहतूक खंडित होऊ न देणे हे त्यांचे काम. येथील कर्मचाऱ्याला आपल्या कामाची माहिती आधीपासूनच असते. लष्करी शिस्तीत व संकटकाळात तेच काम कसे करावे, याचे शिक्षण त्याला दिले जाते. रेल्वेच्या सहा रेजिमेंटांपैकी पाच बंद करून केवळ जमालपूर येथील रेजिमेंट कायम ठेवण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेण्यात आला. ईशान्य भारताकडे जाणाऱ्या महत्त्वाच्या लोहमार्गाची गरज त्यामागे होती.

बिगर-विभागीय घटकांत पायदळाच्या बटालियन प्रमुख आहेत. त्या नियमित सैन्यातील रेजिमेंटांशी संलग्न असून त्या रेजिमेंटांच्या परंपरा पाळतात. पुणे येथील १०१ व कोल्हापूर येथील १०९ या बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीशी, बेळगाव येथील ११५ क्रमांकाची बटालियन महार रेजिमेंटशी, देवळाली येथील ११६ क्रमांकाची बटालियन पॅराशूट रेजिमेंटशी, तर भुसावळ येथील ११८ क्रमांकाची बटालियन ग्रेनेडिअर्सशी संलग्न आहे.

याशिवाय पर्यावरण रक्षणासाठी खास बटालियन आहेत. चुनखडीच्या खाणींमुळे उजाड झालेल्या मसुरीच्या डोंगररांगांवर पुन्हा वनराई उभी करण्यासाठी १९८२ मध्ये डेहराडून येथे अशी पहिली बटालियन उभारण्यात आली. या बटालियनमध्ये प्रामुख्याने माजी सैनिक असतात. महाराष्ट्रात महार रेजिमेंटशी संलग्न १३६ क्रमांकाची पर्यावरण बटालियन छत्रपती संभाजीनगर परिसरात कार्यरत आहे. जम्मू-काश्मीरमध्ये स्थानिक तरुणांमधून उभारलेल्या 'होम अँड हार्थ' बटालियन हा आणखी एक प्रकार होय.

अधिकारी म्हणून प्रवेश

अधिकारीपदासाठी उमेदवार भारतीय नागरिक, पदवीधर, १८ ते ४२ वर्षे वयाचा, शारीरिक व मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त आणि उपजीविकेचे साधन असलेला असावा लागतो. नियमित सैन्यदले, पोलीस व निमलष्करी दलांत सेवेत असलेल्या व्यक्तींना अर्ज करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महिलांना या सेनेत प्रवेशास पात्र ठरविले आणि त्यानंतर अधिकारीपदाच्या भरतीत महिलांसाठीही जागा ठेवण्यास प्रारंभ झाला.

लेखी परीक्षेत तर्कक्षमता, प्राथमिक गणित, सामान्यज्ञान व इंग्रजी या चार विषयांचा समावेश असतो. त्यात उत्तीर्ण झालेल्यांची प्राथमिक मुलाखत मंडळापुढे मुलाखत होते. त्यानंतर नियमित सैन्यातील उमेदवारांप्रमाणेच सेवा निवड मंडळाची कसोटी पार करावी लागते. मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्ये व वैयक्तिक मुलाखत असे तिचे स्वरूप आहे. शेवटी वैद्यकीय तपासणी होते. नियमित सैन्यातील माजी अधिकाऱ्यांसाठी वेगळी, थेट मुलाखतीची प्रक्रिया आहे.

उपलब्ध जागा फारच थोड्या असतात, हे इच्छुकांनी ध्यानी घ्यावे. २०२५ मध्ये नागरी उमेदवारांसाठी जाहीर झालेल्या अधिकारीपदांची संख्या १९ होती. त्यांपैकी १८ पुरुषांसाठी, तर १ महिलेसाठी होती.

जवान म्हणून प्रवेश

जवानांची निवड भरती मेळाव्यांतून करण्यात येते. येथेही वयोमर्यादा १८ ते ४२ वर्षे आहे. सर्वसाधारण सैनिक पदासाठी दहावी उत्तीर्ण असणे व एकूण किमान ४५ टक्के गुण असणे आवश्यक असते. काही ट्रेड्समन पदांसाठी आठवी उत्तीर्ण उमेदवारही पात्र ठरतात. शारीरिक चाचणी, कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी व लेखी परीक्षा असे निवडीचे टप्पे असतात. नियमित सैन्याची वयोमर्यादा ओलांडलेल्या ग्रामीण तरुणांना हा मार्ग विशेष आकर्षित करतो. मात्र ही कायम नोकरी असल्याचा समज अनेकदा आढळतो. तो बरोबर नाही.

प्रशिक्षणाचा कालावधी

नियमांमध्ये प्रशिक्षणाच्या दोन पद्धती सांगितल्या आहेत. शहरी घटकांमध्ये शनिवार-रविवार व सुट्यांच्या दिवशी प्रशिक्षण देण्याची सोय आहे. पहिल्या वर्षी ३२ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे वार्षिक प्रशिक्षण असे त्याचे स्वरूप असून वार्षिक प्रशिक्षणात १४ दिवसांच्या शिबिराचा समावेश असतो. प्रांतीय घटकांमधील माणसे दूरदूरच्या गावांतून येत असल्याने तेथे प्रशिक्षण सलग घेतले जाते. प्राथमिक प्रशिक्षण ३० दिवसांचे, तर वार्षिक शिबिर दोन महिन्यांचे असते.

पायदळाच्या बटालियनमध्ये नियुक्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी तीन टप्पे ठरविण्यात आले आहेत. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, पहिल्या वर्षासह दरवर्षी दोन महिन्यांचे वार्षिक शिबिर आणि नियुक्तीनंतरच्या दोन वर्षांत चेन्नई येथील अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत तीन महिन्यांचे प्रशिक्षण असे हे टप्पे आहेत. या तिन्हींची बेरीज केल्यास पहिल्या दोन वर्षांत सुमारे आठ महिने नागरी कामापासून दूर राहावे लागते. 'वर्षाला दोन महिने' असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते तिसऱ्या वर्षापासून आणि तेही प्रत्यक्ष सेवेसाठी पाचारण झाले नाही तरच लागू पडते.

चेन्नईच्या याच प्रबोधिनीत अल्पसेवा आयोगाद्वारे नियमित सैन्यात येणाऱ्या अधिकाऱ्याचे प्रशिक्षण ४९ आठवडे चालते. दोन्ही प्रकारच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर समान पदचिन्हे असतात आणि हाताखालच्या जवानांची जबाबदारीही सारखीच असते. ही तफावत वार्षिक शिबिरांतून, बटालियनमधील अनुभवातून व स्वतःच्या अभ्यासातून भरून काढणे प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्याला क्रमप्राप्त ठरते.

प्रशिक्षणात काय शिकविले जाते

प्राथमिक टप्प्यात कवायत, शारीरिक क्षमता, शस्त्रांची हाताळणी व गोळीबाराचा सराव, नकाशावाचन, प्रथमोपचार, संदेशवहन आणि रणक्षेत्रातील हालचालींचे मूलभूत तंत्र यांचा समावेश होतो. अधिकाऱ्यांना त्याखेरीज तुकडीचे नेतृत्व, डावपेच, लष्करी कायदा व प्रशासन हे विषय शिकावे लागतात. वार्षिक शिबिरात मागील वर्षी शिकलेल्या गोष्टींची उजळणी व गोळीबाराची चाचणी होते. दहा महिने हातात शस्त्र न घेतलेल्या माणसाला पुन्हा सज्ज करणे हा या शिबिराचा मुख्य उद्देश असतो. त्यामुळे घरी असताना शारीरिक तंदुरुस्ती टिकविण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावयाची असते.

काही घटकांत विशेष प्रशिक्षणाची संधी मिळते. पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न बटालियन हे याचे उदाहरण होय. १०६ क्रमांकाच्या अशा बटालियनमध्ये २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल झालेले क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी २०१५ मध्ये आग्रा येथे प्रशिक्षण घेऊन विमानातून पाच उड्या पूर्ण केल्या व छत्रीधारी सैनिकाचे बोधचिन्ह प्राप्त केले. २०१९ मध्ये त्यांनी काश्मीर खोऱ्यात आपल्या बटालियनसोबत काही दिवस सेवाही बजावली. मानद पद आणि निवडप्रक्रियेतून मिळालेले अधिकारीपद यांत अर्थातच फरक आहे. लोकप्रतिनिधी सचिन पायलट व अनुराग ठाकूर हे अनुक्रमे २०१२ व २०१६ मध्ये निवडप्रक्रियेतून अधिकारी झाले.

नागरी ज्ञानाचा लष्कराला उपयोग

अर्धवेळ सैनिक आपल्यासोबत असे ज्ञान आणतो, जे छावणीत शिकविणे कठीण असते. तेलशुद्धीकरण प्रकल्पातील अभियंता, रुग्णालयातील शल्यचिकित्सक किंवा संगणक सुरक्षेचा जाणकार घडविण्यास अनेक वर्षे लागतात. प्रादेशिक सेनेच्या वैद्यकीय घटकांची उभारणी याच विचारातून झाली. चीनलगतच्या सीमेवरील संवादासाठी मंदारीन भाषेच्या जाणकारांना २०२३ मध्ये या सेनेत घेण्यात आले. सायबर सुरक्षा क्षेत्रातील तज्ज्ञांनाही सामावून घेण्याचे प्रयत्न झाले. अशा व्यक्तींच्या बाबतीत लष्करी प्रशिक्षण हे त्यांच्या मूळ विद्येला दिलेली जोड ठरते.

वेतन व नोकरीचे संरक्षण

प्रशिक्षणाच्या व प्रत्यक्ष सेवेच्या काळात नियमित सैन्यातील समकक्ष पदाप्रमाणे वेतन व भत्ते मिळतात. उर्वरित काळात सैन्याकडून वेतन मिळत नाही. निवृत्तिवेतनासाठी केवळ प्रत्यक्ष सेवेचा काळ धरला जातो. अधिकाऱ्यांना त्यासाठी अशी २० वर्षे, तर जवानांना १५ वर्षे पूर्ण करावी लागतात. वर्षाला दोन महिने इतकीच सेवा करणाऱ्याला हा टप्पा गाठणे शक्य होत नाही. त्यामुळे ज्या घटकांना दीर्घकाळ प्रत्यक्ष सेवेत ठेवले जाते, त्यांतील व्यक्तींनाच बहुधा निवृत्तिवेतनाचा लाभ होतो.

लष्करी सेवेसाठी बोलावण्यात आलेल्या व्यक्तीला सेवेनंतर पूर्वीच्या नोकरीत परत घेणे कायद्याने मालकावर बंधनकारक केले आहे. भविष्यनिर्वाह निधीसारख्या हक्कांचे रक्षण करण्याची तरतूदही अधिनियमात आहे. सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना अर्ज करतानाच कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी आस्थापनेत काम करणाऱ्यांनीही मालकाशी आधीच स्पष्ट बोलणी करणे हितावह ठरते. कायदा नोकरी परत मिळवून देऊ शकतो. दरम्यानच्या काळात हुकलेली बढती किंवा तुटलेले ग्राहक मात्र त्याच्या कक्षेत येत नाहीत. स्वतंत्र व्यवसाय करणारे वकील, दुकानदार व शेतकरी यांना तर आपल्या अनुपस्थितीची व्यवस्था स्वतःच करावी लागते.

राष्ट्रीय छात्र सेनेपेक्षा वेगळेपण

प्रादेशिक सेना व राष्ट्रीय छात्र सेना यांच्यात अनेकदा गल्लत होते. छात्र सेना ही विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या छात्रांवर युद्धसेवेचे बंधन नसते. महाविद्यालयीन अध्यापकांमधून निवडलेल्या छात्र सेना अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण नागपूरजवळील कामठी येथील प्रबोधिनीत होते. त्यांचे कार्य छात्रांना शिकविण्याचे आहे. छात्र सेनेचे 'सी' प्रमाणपत्र मिळविलेल्यांना नियमित सैन्यात लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळापुढे जाण्याची विशेष योजना आहे. पूर्णवेळ लष्करी कारकीर्द हवी असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

अन्य देशांतील पद्धती

अर्धवेळ सैनिकांची व्यवस्था अनेक देशांत आहे. अमेरिकेत राखीव सैन्य व नॅशनल गार्डमधील सैनिक प्रारंभी नियमित सैनिकांसोबतच मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करतात आणि नंतर महिन्यातील एक शनिवार-रविवार व वर्षातून सुमारे दोन आठवडे सराव करतात. सहा वर्षांच्या सेवेची हमी देणाऱ्यांना तेथे उच्च शिक्षणासाठी मासिक साहाय्य मिळते. त्यामुळे अनेक तरुण महाविद्यालयीन शिक्षणासाठी या सेवेकडे वळतात. ब्रिटनमधील प्रादेशिक सेनेचे नाव २०१४ मध्ये बदलून 'आर्मी रिझर्व्ह' असे करण्यात आले. भारतातील पद्धतीत सेवेतून शिक्षणाचा खर्च भागविण्याची कल्पना नाही; शिक्षण व रोजगार आधी आणि सेवा नंतर, असा येथील क्रम आहे.

अल्प प्रशिक्षण, संपूर्ण दायित्व

प्रशिक्षणाचा काळ अर्धवेळ असला, तरी जोखीम अर्धवेळ नसते. जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न १६२ क्रमांकाच्या प्रादेशिक सेना बटालियनमधील लान्स नाईक नझीर अहमद वाणी यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियान येथील चकमकीत वीरमरण आले. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र हा शांतताकाळातील सर्वोच्च शौर्य पुरस्कार प्रदान करण्यात आला. पहाऱ्याचे काम तुलनेने सुरक्षित असते, हा समजही नेहमीच खरा ठरत नाही. मणिपूरमधील तुपुल येथे रेल्वेमार्गाच्या बांधकामाला संरक्षण देणाऱ्या १०७ क्रमांकाच्या बटालियनच्या तळावर ३० जून २०२२ रोजी दरड कोसळली व तीत या बटालियनचे अनेक जवान मृत्युमुखी पडले.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला, त्या वेळी केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियमांतील नियम ३३ अन्वये या सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला व जवानाला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ बटालियन विविध कमांडच्या क्षेत्रांत तैनात करण्यास त्याद्वारे मान्यता देण्यात आली. १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ असा या आदेशाचा तीन वर्षांचा कालावधी निश्चित करण्यात आला. शिबिराचे दोन महिने आणि तैनातीची तीन वर्षे यांतील अंतर किती झपाट्याने नाहीसे होऊ शकते, हे या आदेशाने स्पष्ट केले.

प्रादेशिक सेनेत जाऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच प्रवेशाच्या अटींबरोबर काही गोष्टींचा आधीच निर्णय करावा. पहिल्या दोन वर्षांतील आठ महिने कसे मोकळे करता येतील, मालक व कुटुंब यांची संमती आहे काय आणि अल्प सूचनेवर वर्ष-दोन वर्षांसाठी घर सोडावे लागल्यास मागे कोण सांभाळील, हे ते प्रश्न आहेत. भरती व परीक्षांच्या अधिकृत सूचना प्रादेशिक सेना महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केल्या जातात. दक्षिण विभागाचे गट मुख्यालय पुणे येथे आहे.